खुनी २४१व्या पानावर येतो

*माझ्या बहिणीचा मुलगा पुण्यात नोकरी करतो. त्याने रहस्यकादंबरी लिहिली आणि पदरचे पैसे घालून छापून घेतली. २६८ पानं, किंमत ३५० रुपये. महाबळेश्वरचा बंगला, जुलैतली रात्र, बिल्डरचा खून, घरात सातजण. मला रहस्यकथांचं शाळेपासून वेड, गादीखाली लपवून वाचलेल्या आहेत. म्हणून हौसेने बसले. गंजलेली किल्ली, डॉक्टरांचा खोकला, एसटीचं फाटलेलं तिकीट, एकेक गोष्ट लक्षात ठेवत गेले. आणि २४१व्या पानावर मेलेल्या बिल्डरचा जुळा भाऊ दुबईहून उगवला, तोच खुनी! पुस्तक मिटलं तेव्हा रागाने डोळ्यांत पाणी आलं. आमचे हे म्हणतात, "रहस्यकथाच ती, त्यात एवढं काय?" घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांनी 'अप्रतिम', 'जबरदस्त' लिहिलं. पुस्तक हातात पडायच्या आधी मीही फुलं टाकली होती. आता भाचा म्हणतो, "मावशी, खरं खरं सांग, दुसरी लिहायला घेतलीय." शिवाय दहा प्रती पाठवल्यात, वाचनालयात आणि मैत्रिणींना वाटायला. खरं सांगू का? आणि सांगायचं तर कसं? बहीण फार हळवी आहे.*

*— एक मावशी, मिरज*

मावशी,

तुम्ही तशी सही केलीत म्हणून मीही तसंच म्हणते, वयाने आपण बरोबरीच्याच असू. पत्रासोबत जोडलेली तुमची टिपणं इथे छापता आली नाहीत, पण त्यांचा मला फार उपयोग झाला. कुठल्या पानावर काय खटकलं हे इतकं नेमकं लिहिणारा वाचक मिळायला लेखकाचं नशीब लागतं. तुमच्या भाच्याला ते मिळालंय, त्याला अजून पत्ता नाही इतकंच.

आधी यजमानांचं बघू. "रहस्यकथाच ती" हे मी आयुष्यभर ऐकत आलेय. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या आणि पिढ्यांना वाचायची चटक लावली. तरी साहित्याची गंभीर चर्चा सुरू झाली की त्यांचं नाव गालातल्या गालात हसून घेतलं जातं. याचा एक वाईट परिणाम असा की नवीन लिहिणाऱ्यालाही हे काम सोपं वाटतं. एक प्रेत, एक इन्स्पेक्टर, एक वादळी रात्र, झालं. खरं तर याच्याइतका कडक हिशेब दुसऱ्या कुठल्या कादंबरीत मागितला जात नाही. कौटुंबिक कादंबरीत नायिकेच्या खोलीचा दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो हे चुकलं तर कुणी विचारत नाही. इथे त्या दरवाजावर एखाद्याची फाशी ठरते.

तेव्हा तुमच्या रागाबद्दल लाजू नका. बाकीची वाईट पुस्तकं कंटाळा आणतात, आपण ती बाजूला ठेवतो आणि विसरतो. वाईट रहस्यकादंबरी माणसाला राबवून घेते आणि मजुरी देत नाही. लेखकाने किल्ली गंजलेली आहे असं लिहिलं, तुम्ही ती जपून ठेवली. डॉक्टर प्रत्येक प्रसंगात खोकतात, तुम्ही मोजत राहिलात. दोनशे चाळीस पानं तुम्ही एवढं सगळं ओझं मुकाट्याने वाहून नेलंत आणि शेवटी कळलं की लेखक स्वतःच ते कधीच रस्त्यात टाकून पुढे निघून गेला होता. राग येणारच.

जुळ्या भावाबद्दल एक मजेशीर गोष्ट सांगते. इंग्लंडात रोनाल्ड नॉक्स नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू होते आणि ते रहस्यकथाही लिहीत. त्यांनी १९२९ साली या खेळाचे दहा नियम लिहून काढले. पहिलाच नियम असा की गुन्हेगार गोष्टीच्या सुरुवातीच्या भागात वाचकाला भेटलेला असला पाहिजे. गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकालाही लगेच दाखवला पाहिजे, हाही एक नियम. आणि शेवटचा, दहावा: जुळी भावंडं आणायची असतील तर वाचकाला त्याची नीट पूर्वकल्पना द्या. म्हणजे ही युक्ती तेव्हाच इतकी झिजली होती की एका पाद्र्याला तिच्यावर वेगळा नियम करावासा वाटला. पुढच्याच वर्षी लंडनच्या रहस्यकथाकारांनी आपला क्लब काढला आणि नव्या सभासदाकडून रीतसर शपथ घ्यायला सुरुवात केली की वाचकाला फसवणार नाही. निम्मी चेष्टा होती ती, पण निम्मीच.

हे नियम भाच्याच्या तोंडावर फेकू नका हं. नियम मोडूनही उत्तम पुस्तकं लिहिली गेलीत. अगाथा ख्रिस्तींनी १९२६ साली एका कादंबरीत असा काही डाव टाकला की वाचकांची आणि समीक्षकांची भांडणं लागली, हा अन्याय आहे म्हणून. (कुठली ते सांगत नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांचं नुकसान कशाला करू?) पण ती कादंबरी मिटल्यावर मागे जाऊन वाचा, सगळं तिथेच आहे. एकेक वाक्य खरं आहे, फक्त आपण ते वेगळं वाचलं. तुम्ही २४१व्या पानावरून मागे गेलात आणि तिथे काहीच नव्हतं. भाच्याला सांगायची पहिली गोष्ट हीच, आणि अशाच शब्दांत: "मी मागे जाऊन शोधलं, मला मिळालं नाही."

आता टिपणांकडे येते. तुम्ही तेवीस गोष्टी काढल्यात. त्यातल्या बऱ्याच मुद्रितशोधनाच्या आहेत, एकाच पानावर 'खुनी' आणि 'खूनी' वगैरे. त्या सोडून द्या. पैसे घेऊन पुस्तक छापून देणाऱ्यांकडे बहुतेक वेळा संपादक नावाचा माणूसच नसतो, त्याचा दोष पोराच्या डोक्यावर मारण्यात अर्थ नाही. काही गोष्टी मात्र मला थांबवून गेल्या.

बागेतले बुटांचे ठसे. खून रात्री, ठसे सापडतात सकाळी आठला, लाल मातीत, 'स्पष्ट आणि खोल'. मावशी, महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला सगळ्यात जास्त जुलैत. तिथल्या रात्रभराच्या पावसात ठसा तर सोडाच, बागेची वाट शिल्लक राहिली तरी खूप. तसंच रखवालदाराने बाहेरून खिडकीतून खोलीत बघितलं म्हणे. त्या डोंगरावर पावसाळ्यापूर्वी घरांना पावसाच्या अंगाने गवताच्या ताट्या बांधून घ्यायची पद्धत आहे. बंगला तसा झाकलेला असेल तर रखवालदाराला खिडकीच दिसणार नाही, माणूस कुठला? भाच्याने महाबळेश्वर मे महिन्यात पाहिलेलं आहे आणि जुलैचं पाटीवर लिहून टाकलंय.

यात गंमत अशी की याच चुकीत त्याला अख्खं कथानक मिळालं असतं. झाकलेल्या घराचा रखवालदार जर छातीठोकपणे सांगतो की मी खिडकीतून पाहिलं, तर तो खोटं बोलतोय! आणि वाचकाला ताट्या चौथ्या पानावरच दाखवलेल्या असल्या, तर तुम्ही मिरजेत बसून त्याला पकडला असतात.

सकाळी सातला डॉक्टर प्रेताला हात लावून सांगतात, 'मृत्यू रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी.' असं कुणी सांगू शकत नाही. अंग दोनेक तासांनी ताठायला लागतं, साधारण बारा तासांत पुरतं ताठतं, आणि हेसुद्धा थंडी, उकाडा, अंगकाठी यांवर पुढेमागे होतं. डॉक्टर फार तर 'दहा ते दोनच्या दरम्यान' म्हणेल. रहस्यकथेला तेच हवं असतं, कारण त्या चार तासांत सातजण कुठे होते यावरच तर पुस्तक चालायचं! मिनिटाचा आकडा देऊन त्याने स्वतःच सहाजणांना मोकळं केलं. डीएनएचंही तसंच. इन्स्पेक्टर मुंबईत कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेला फोन लावतो आणि तासाभरात अहवाल. प्रत्यक्षात नमुना पंचांसमोर सील होतो, माणसाबरोबर पाठवला जातो, आणि अहवालाला आठवडे लागतात, कधी महिने. तेवढा काळ गावात कुजबुज चालते, संशयित एकमेकांना टाळतात. मला तर ते दिवस वाचायला जास्त आवडले असते.

शेवटच्या दिवाणखान्याबद्दल तुम्ही फक्त 'चौदा पानांचं भाषण!' एवढंच लिहिलंय. मी जरा पुढे जाते. जुळा भाऊ सगळ्यांसमोर कबुली देतो, इन्स्पेक्टर 'कलम ३०२' म्हणत बेड्या घालतो आणि पुढच्या ओळीत जन्मठेप. गोष्ट २०२५च्या जुलैत घडते. १ जुलै २०२४पासून नवे कायदे लागू झाले आणि खुनाची शिक्षा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३मध्ये आहे. ही चूक बारीक आहे, एका फोनवर सुधारली असती. मोठी चूक कबुलीची. पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२च्या पुरावा कायद्यात असंच होतं, नव्या साक्ष्य अधिनियमातही असंच आहे. कबुली नोंदवायची ती दंडाधिकाऱ्यासमोर, आणि त्याआधी त्याने आरोपीला समजावून सांगायचं असतं की बाबा, तू बोलायला बांधील नाहीस. म्हणजे आपल्या भाच्याचा खुनी चौदा पानं बोलला, तरी चांगल्या वकिलाने त्याला बाहेर काढला असता.

पण कायद्यात एक खिडकी आहे. पोलिसांच्या ताब्यातल्या आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्याच्या जबानीतला तेवढा भाग ग्राह्य धरतात. गंजलेली किल्ली आठवतेय ना? ती विहिरीत टाकली असं त्याने सांगितलं असतं, पंचांसमोर विहिरीतून निघाली असती, आणि ज्या किल्लीला तुम्ही दोनशे पानं सांभाळलंत ती शेवटी पुरावा म्हणून कोर्टात उभी राहिली असती. सगळं सामान त्याच्याच घरात पडलेलं होतं हो.

इन्स्पेक्टरला ड्रॉवरमध्ये चिठ्ठी सापडते, तो वाचतो, 'त्याच्या चेहऱ्यावर गूढ हास्य पसरलं' आणि प्रकरण संपतं. चिठ्ठीत काय होतं ते आपल्याला नव्वद पानांनी कळतं. याला उत्कंठा म्हणत नाहीत. या एका वाक्यावर मात्र त्याला मनसोक्त बोला, माझीही परवानगी आहे.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या टिपणांत सतराव्या क्रमांकावर, जवळजवळ कोपऱ्यात, लिहिलंय: 'पान ८८ छान.' रखवालदाराची बायको शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर घरातल्या सगळ्यांचे कपडे वाळवते. चार महिने काहीच वाळत नाही, भिंतींना बुरशी, गाद्यांना वास, काड्यापेटीची काडी पेटत नाही. ती एकेक कपडा उलटतेय, आणि डॉक्टरांचा कोट हातात येतो तो कोरडा. ती तो बाजूला ठेवते आणि पुढचा कपडा घेते. एवढंच.

तुम्ही उतरवून पाठवलेला तो परिच्छेद मी पुन्हा पुन्हा वाचला. ज्या पोराने हे लिहिलं त्याला लिहिता येतं. आणि डॉक्टर पान ३०वर सांगून बसलेत की रात्री अकराला बाजारातून पायी आलो! भर पावसात चालत आलेल्या माणसाचा कोट, जिथे काहीच वाळत नाही अशा घरात, सकाळी कोरडा. हा या पुस्तकातला सगळ्यात चांगला धागा आहे, आणि तुमच्या टिपणांवरून दिसतं की लेखकाने तो पुन्हा कधी हातात घेतलाच नाही. मला शंका आहे की आपण काय लिहून गेलो हे त्याला कळलेलंच नाही. त्याने ते धागा म्हणून लिहिलं नसेल, लहानपणी कुणाच्या घरी पाहिलेलं आठवून लिहिलं असेल. म्हणूनच ते जिवंत आहे. दुबईचा जुळा भाऊ मात्र त्याने कुठल्या तरी मालिकेतून आणलाय.

म्हणजे सांगायचं तर आहेच, मावशी. त्याने विचारलंय, आणि 'कशी वाटली?' असं नाही विचारलं. 'खरं खरं सांग, दुसरी लिहायला घेतलीय' असं विचारलं. पहिल्या प्रश्नाला कौतुकाने उत्तर द्यावं, त्यात खोटेपणा नाही, पोरगं दमून आलेलं असतं. दुसरा प्रश्न विचारणाऱ्याला कौतुक देऊन परत पाठवणं म्हणजे त्याचा वेळ वाया घालवणं. दुसरी कादंबरी लिहून झाल्यावर सांगून उपयोग नाही. आत्ताच सांगा.

ग्रुपवरच्या फुलांचं मनाला लावून घेऊ नका. ती पुस्तक निघाल्याबद्दल होती. ती मागे घेऊ नका, आणि ग्रुपवर एक अक्षरही लिहू नका. फोनवरही नको. फोनवर समोरच्याचा चेहरा दिसत नाही, शांतता पसरली की आपण घाबरतो आणि 'पण एकूण छान आहे हं' म्हणून मोकळे होतो. तो मिरजेला येईल तेव्हा, किंवा तुम्ही पुण्याला जाल तेव्हा, दोघंच असताना बोला. पुस्तकाची तुमची प्रत आणि पेन्सिल समोर असू द्या.

तेवीस गोष्टी सांगू नका. तीन पुरेत. एक, पान ८८, आणि तिथून सुरुवात करा. तोंड गोड करायचं म्हणून सांगताय असं त्याला वाटू देऊ नका. त्याला विचारा, "हा कोट कोरडा का होता रे?" आणि गप्प बसा. त्याने काय उत्तर दिलं ते मला ऐकायला फार आवडेल. दोन, पान २४१, तिथे तुम्ही मागे गेलात आणि काही सापडलं नाही. तीन, चिठ्ठी आणि ते हास्य. तिन्ही ठिकाणी 'तू इथे चुकलास' असं म्हणायची गरज नाही. 'मला इथे असं झालं' म्हणा. तुम्ही शिक्षिका होतात असं पत्रातल्या अक्षरावरून आणि क्रमांक घालायच्या सवयीवरून वाटतंय, म्हणून मुद्दाम सांगते: लाल शाई घरीच ठेवा. तुम्ही वाचक म्हणून साक्ष द्यायची आहे, निकाल द्यायला तो स्वतः आहे.

त्याला वाईट वाटेल. वाटलं पाहिजे, पैसे आणि वर्ष गेलंय त्याचं. कदाचित तो म्हणेल, "हल्ली असंच चालतं, मावशी, ओटीटीवर बघ." तर वाद घालू नका. म्हणा, "असेल. मी वाचत होते तेव्हा मला असं झालं." याच्यापुढे त्याला काही बोलता येणार नाही, कारण तुम्हाला काय झालं हे त्याच्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे. आणि त्याने विषयच बदलला, तर बदलू द्या. दुसऱ्यांदा काढू नका. ऐकायचं असेल तर तो महिन्याभराने स्वतः फोन करेल आणि उगाच इकडचं तिकडचं विचारून मग त्या कोटावर येईल.

बहिणीला यातलं काही सांगू नका. लेखक तिचा मुलगा आहे, ती वाचक नाही, आणि तिने पुस्तक शेवटपर्यंत वाचलंय का याचीही मला खात्री नाही. तिचा फोन आलाच, "तूच एक राहिली होतीस बोलायची" म्हणून, तर सांगा की आम्ही दुसऱ्या पुस्तकाबद्दल बोलत होतो. ते खरंही आहे.

दुसऱ्या पुस्तकासाठी एकच मागणी करा. लिहायच्या आधी त्याने तुम्हाला एक कागद आणून दाखवावा: खुनी कोण, तो पहिल्यांदा कुठल्या पानावर भेटतो, आणि वाचकाच्या हातात कुठल्या चार वस्तू कुठे कुठे दिल्यात. तुम्हाला खुनी आधी कळला तर पुस्तक वाचायची मजा जाईल, हे मान्य. मावशीपणाची तेवढी किंमत द्यावी लागेल. आणि यंदाच्या जुलैत त्याला चार दिवस महाबळेश्वरला पाठवा, शक्यतो साध्या घरात, हॉटेलात नको. छत्री न घेता.

राहिल्या दहा प्रती. वाचनालयात एक द्या, रीतसर नोंद करून, भाच्याच्या नावाने. वाचनालयाचे वाचक त्यांचं काम करतीलच. आपल्याकडे रहस्यकथेच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवणारा एक तरी पुण्यवान प्रत्येक गावात असतो, मिरजेतही असेल. मैत्रिणींना वाटू नका. त्या तुमच्या भिडेखातर वाचतील, भिडेखातर छान म्हणतील, आणि तुम्हाला पुन्हा तीच फुलं टाकावी लागतील. ज्या एका मैत्रिणीशी तुमचं पुस्तकांवरून भांडण होतं, अशी एक असतेच, तिला एक प्रत विकत द्या. साडेतीनशे रुपये मोजून घेतलेलं पुस्तक माणूस वेगळ्या डोळ्यांनी वाचतो. उरलेल्या आठ त्याला परत द्या आणि साफ सांगा की या मला वाटता येणार नाहीत. का, ते तो विचारेल, आणि तुमचं बोलणं तिथून सुरू होईल.